पुरात उभी राहिलेली गाडी: सेल्फ मारण्याआधी आणि मारल्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची पेट्रोल गाडी, १२०० सीसी, साधा गिअर. पुण्यात सिंहगड रोडला नदीकाठच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री पाणी शिरलं, ड्रायव्हर सीटच्या बैठकीपर्यंत चढलं आणि पाच-सहा तासांनी ओसरलं. दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांनी एकदा सेल्फ मारला. ‘टक’ असा आवाज झाला, पुढे काहीच नाही. शोरूमने ३ लाख ४० हजारांचं एस्टिमेट दिलंय, त्यात पूर्ण इंजिन धरलंय. जवळचे मिस्त्री म्हणतात, ऑइल बदलू आणि दोन दिवसांत गाडी देतो. विमा आहे, आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ३ लाख ९० हजार, पण इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने बिघडलेल्या इंजिनासाठीचं जादा कव्हर, घेतलेलं नाही. काय करावं?

आज कुणालाच हो म्हणू नका. शोरूमने इंजिन न खोलता ते गेलं असं ठरवलंय आणि तुमच्या मिस्त्रींनी न खोलता ते ठीक आहे असं ठरवलंय. आत काय झालंय ते दोघांनाही ठाऊक नाही, इथे बसून मलाही नाही. पण ते कळायला एक सकाळ पुरते आणि लागणारं सामान कुठल्याही बऱ्या गॅरेजात असतं.

माझं गॅरेज सांगलीत आहे, म्हणजे पुराचं पाणी आमच्या धंद्याचाच भाग. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गाड्या दिवसचे दिवस पाण्याखाली राहिल्या. २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठी घुसली तेव्हाचा प्रकार वेगळा, पाणी त्या मानाने लवकर उतरलं पण मागे ठेवलेला चिखल भयंकर. तुमच्याकडचं पाणी २०२४ च्या २५ जुलैला एकतानगरीत शिरलं त्या जातीचं दिसतंय: खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बघता बघता चढतं आणि काही तासांत उतरतं. गाडीच्या दृष्टीने तिघांत हेच त्यातल्या त्यात बरं. फक्त त्यात ड्रेनेजचं पाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे वास आणि गंज दोन्ही जरा जास्त.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उभ्या, बंद गाडीचं इंजिन पुराच्या पाण्याने एकदम कामातून जाणं तसं कमीच. ते जातं किल्ली फिरवल्यावर. आणि पुरातली गाडी शेवटी भंगारात निघते ती बहुतेक वेळा केबिनमधल्या वायरिंगपायी. शोरूमच्या एस्टिमेटमध्ये सगळ्यात मोठा आकडा इंजिनाचा आहे म्हणून सगळे इंजिनाबद्दल बोलताहेत, एवढंच.

आता त्या ‘टक’चं बघू. सेल्फ मारल्यावर एकच टक होऊन सगळं थांबलं, याचे दोन अर्थ निघतात. पहिला साधा: बॅटरी पाण्यात बसून उतरली किंवा स्टार्टरमध्ये पाणी-चिखल गेला. मग सोलेनॉइड (स्टार्टरचा विजेवर ओढणारा स्विच) ओढतो, टक वाजतो आणि मोटर फिरत नाही. यात इंजिनाला काहीही झालेलं नसतं. दुसरा अर्थ वाईट: एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी होतं, पिस्टन वर आला आणि पाण्यावर आदळून अडकला. याला हायड्रोलॉक म्हणतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही.

किती पाणी पुरतं त्याचा हिशोब करा. १२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा) ११ धरला, तर पिस्टन पार वर आल्यावर उरणारी जागा ३० सीसी. म्हणजे दोन मोठे चमचे. त्यापेक्षा जास्त पाणी असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. डिझेलमध्ये तर १३०० सीसीच्या इंजिनाला ही जागा २० सीसीच्याही आत असते. चालत्या गाडीने पाण्यात शिरून इंजिनाने घोट घेतला तर मागून फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या जड चाकाचा) सगळा जोर असतो, मग कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो नाहीतर तुटून ब्लॉकला खिडकी पाडतो. नुसत्या सेल्फवर इंजिन मिनिटाला दोन-अडीचशे फेरेच फिरतं, स्टार्टरची ताकद बेताची असते. पाण्यावर आदळलं तरी पुष्कळदा स्टार्टरच हरतो आणि रॉड वाचतो. पुष्कळदा म्हटलं, नेहमी नाही. तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: मेव्हण्यांनी एकदाच मारला. दहा वेळा मारून, मग गाडीला टोचन लावून सेकंड गिअरमध्ये क्लच सोडणारेही लोक असतात. त्यांची गाडी आली की आम्ही सरळ नव्या क्रँकसाठी फोन लावतो.

पाणी आत गेलं का, याचा पहिला पुरावा पाना न लावता मिळतो. गाडीच्या पत्र्यावर पाण्याची रेघ उमटलेली असते. गाडी अजून धुतली नसेल तर धुऊ नका, आधी ती रेघ टेपने मोजा आणि फोटो काढा. मग बॉनेट उघडून हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड कुठे आहे ते बघा; बऱ्याच छोट्या गाड्यांत ते रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी असतं. रेघ त्याच्या खाली आहे की वर, इथेच निम्मा निकाल लागतो. सीटच्या बैठकीपर्यंत पाणी म्हणजे रेघ त्या तोंडाच्या थोडी खालीच असायची शक्यता बरी आहे. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद कोरडा, डब्याच्या तळाला ओल नाही, तर त्या वाटेने पाणी गेलेलं नाही. कागद फुगलाय किंवा तळाला चिखलाची साय आहे, तर गेलंय असं धरून चाला. मागून, सायलेन्सरच्या वाटेनेही थोडं पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरपर्यंत पोचू शकतं, म्हणून फिल्टर कोरडा दिसला तरी पुढची पायरी चुकवायची नाही.

त्याआधी बॅटरी. अजून जोडलेली असेल तर हे वाचणं थांबवून आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा, मग पॉझिटिव्ह. गाडी बंद असली तरी किती तरी वायरींत करंट असतोच, आणि ओल्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) करंट असला की पिना दिवसांत खाऊन जातात. नुसत्या ओलीने एवढी नासाडी इतक्या लवकर होत नाही. किल्ली ‘ऑन’ करून डॅशबोर्डवर कुठले दिवे लागतात ते बघायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. दिवे लागले तरी त्यातून काही कळत नाही आणि आधी सुकवलं असतं तर वाचलं असतं असं एखादं इलेक्ट्रॉनिक युनिट त्यात उडतं.

आता खरी तपासणी. मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून करून घ्या.

इग्निशन कॉइल काढल्या की खाली प्लगच्या विहिरी दिसतात. त्यात पाणी आणि गाळ साचलेला असतो. प्लग सैल करण्याआधी त्या विहिरींत हवा मारून, फडक्याने टिपून पूर्ण स्वच्छ करायच्या. घाईत प्लग काढला की तोच गाळ थेट बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) पडतो, आणि पुराने केलं नाही ते नुकसान आपण करतो. मग चारही प्लग काढून क्रमाने मांडून ठेवायचे. कोरडे तीन आणि ओला, मातकट एक असं दिसलं तर गुन्हेगार सिलिंडर तिथेच सापडला.

गाडी न्यूट्रलला. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी (सॉकेट पाना) आणि लांब टॉमी (तो फिरवायचा दांडा) लावून इंजिन हाताने फिरवायचं, बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. सावकाश, पूर्ण दोन फेरे, म्हणजे चारही पिस्टन आपापले सगळे स्ट्रोक करून येतात. प्लगच्या भोकांवर फडकं टाका आणि तोंड बाजूला ठेवा. पाणी असेल तर आधी गुळगुळ ऐकू येतं, टॉमी थोडी जड होते आणि भोकातून तपकिरी पाणी फडक्यावर उसळतं. उसळलं तर घाबरू नका, ते बाहेर आलं हे चांगलंच. मात्र प्लग काढलेले असताना टॉमी कुठे टणकन अडली तर जोर लावायचा नाही. पाण्याला बाहेर यायला वाट आहे, तरी अडतंय म्हणजे आत काही तरी वाकलंय किंवा गंजून धरलंय.

हाताने मोकळं फिरलं, तर प्रत्येक बोअरमध्ये चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि परत दोन-चार फेरे. बोअरच्या लोखंडावर गंज चढायला पुष्कळ दिवस लागत नाहीत. विमा, सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा), शोरूम या फेऱ्यांत गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर रिंगा बोअरला धरतात आणि मग ते नुकसान कुणाच्या खात्यावर टाकायचं यावर भांडणं होतात. चमचाभर ऑइलने ते टळतं.

आता रॉड वाकला का. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. बहुतेक ठिकाणी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतात, आकडा बरा आला की ‘इंजिन ओके’ म्हणून सोडून देतात. कॉम्प्रेशन मोजायलाच हवं, पण तेवढ्यावर भागत नाही. रॉड अर्धा मिलिमीटर वाकून आखूड झाला, तर वरची जागा साधारण दोनच सीसीने वाढते. ११ चा रेशो १० च्या जरा वर येतो. मीटरवर हा फरक सहा-सात टक्क्यांचा दिसतो आणि चार सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपर्यंत फरक आपण एरवीही चालवून घेतो. असं इंजिन चालू होतं, गुळगुळीत चालतंही. पण वाकडा रॉड पिस्टनला एका बाजूला ढकलत राहतो, बोअर एका अंगाने झिजतो, ऑइल प्यायला लागतं आणि एखाद्या दिवशी एक्स्प्रेस-वेवर रॉड तुटतो. तोवर गॅरेजवाल्याची जबाबदारी कधीच संपलेली असते.

म्हणून पिस्टनची उंची मोजा. प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा सरळ पितळी सळई सोडायची, पुली हळूहळू फिरवून पिस्टन सगळ्यात वर आला की खूण करायची. एक आणि चार एकदम वर येतात, दोन आणि तीन एकदम. चारही आकडे कागदावर लिहा. धड इंजिनात ते सारखेच येतात, इकडेतिकडे केसभर. एकात अर्धा मिलिमीटर कमी दिसला की चर्चा नको, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवायचं. छोटा कॅमेरा असेल तर बोअरही बघून घ्या: पिस्टनचा वरचा थांबा कार्बनच्या जुन्या रेघेपासून खाली सरकलेला दिसला तर तोही आखूड रॉडचाच पुरावा.

आणि रॉड वाकलेला निघाला, तरी पूर्ण इंजिन लागतंच असं नाही. बोअरला ओरखडा नसेल, क्रँक सरळ असेल, तर एक रॉड, त्याचा पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट सेट आणि लेथवाल्याकडची तपासणी यात काम होतं. शोरूमला तेवढा वेळ घालवायचा नसतो, ते अख्खं बदलतात. त्यांच्या बाजूने हेही खरं की मग त्यांना वॉरंटी देता येते.

ऑइलचं बघू. तुमचे मिस्त्री ऑइल बदलू म्हणताहेत ते बरोबर आहे, पण ‘बदलू’ म्हणजे किती वेळा? आधी ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. ऑइल अमृततुल्यच्या चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी त्यात घुसळलं गेलंय. तुमचं इंजिन फिरलेलंच नसल्यामुळे कदाचित पट्टीवर ऑइल स्वच्छ दिसेल आणि फक्त पातळी वाढलेली असेल. पाणी जड, ते चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाच्या) तळाला बसतं आणि ऑइल वर तरंगतं. चेंबरचा बोल्ट एकदम न काढता दोन आटे सैल करून बघा: आधी पाण्याची धार येते, मग रंग बदलत ऑइल येतं. ते पांढऱ्या बाटलीत धरून ठेवा, सर्व्हेअरला दाखवायला उपयोगी पडतं.

पाण्यात गाळ दिसला तर नुसतं ऑइल सोडून देऊ नका, चेंबर उतरवा. ऑइल पंपाची जाळी तिथेच असते. नदीचा गाळ पिठासारखा बारीक, तो जाळीवर बसला की पहिल्या अर्ध्या तासात ऑइलचं प्रेशर पडतं आणि धुऊन वाचवलेल्या इंजिनाची बेअरिंगं जातात. चेंबर धुऊन बसवल्यावर स्वस्तातलं मिनरल ऑइल आणि नवा फिल्टर टाकायचा, इंजिन रेस न करता दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, गरम असतानाच सोडायचं. दुधाळ निघालं तर परत. स्वच्छ निघाल्यावरच कंपनीचं महाग ऑइल भरायचं, तेही हजार किलोमीटरच्या आत पुन्हा बदलायचं. काही जण चेंबरमध्ये डिझेल भरून इंजिन चालू करतात. डिझेलने सुटे भाग धुवावेत, त्यावर बेअरिंगं चालवू नयेत.

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाण जास्त झालं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं, जिथून पंप पेट्रोल उचलतो. टाकीत पाणी गेलं नसेलच असं वाटलं तरी पारदर्शक बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा, सकाळी दोन थर दिसतात का बघा. गिअरबॉक्सलाही श्वास घ्यायची नळी असते, तिथून पाणी जातं. ते ऑइल विचार न करता बदलायचं. ब्रेक ऑइल तसंच. पुलीवर फिरवताना इंजिन मोकळं फिरलं, पण नंतर गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते, ते सुटतं. हँडब्रेक मात्र आत्ता ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला धरतात. चाकाखाली वीट लावा.

एवढं झालं की इंजिनापुरती गोष्ट संपली. आता जिथे पैसा आणि झोप दोन्ही जाते तिथे येऊ.

बॉनेटखालचे कपलर बघा, प्रत्येकाला रबरी सील असतं. तिथला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरसुद्धा बंद डब्यात असतो. पाऊस, चिखल, धुण्याचा पाइप यांसाठीच ते बनवलेलं असतं, त्यामुळे पुरातही बऱ्यापैकी तग धरतं. केबिनमध्ये पाणी यावं अशी कुणाची कल्पनाच नव्हती. डॅशबोर्डखालचे, सीटखालचे, कार्पेटखालून दाराच्या उंबऱ्यालगत जाणारे कपलर उघडे. लाइट, काचा, सेंट्रल लॉक सांभाळणारं युनिट बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर. एअरबॅगचं युनिट गिअरच्या दांडीजवळ, जमिनीलगत. सीटच्या बैठकीपर्यंत पाणी म्हणजे एअरबॅगचं युनिट नक्की बुडालं. ते सुकवून परत बसवू द्यायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. एअरबॅग उघडली नाही तर माणूस जातो, आणि नको तेव्हा उघडली तरी इजा होतेच. बॅटरी काढून थोडा वेळ गेल्याशिवाय त्या भागाला हातही लावायचा नाही.

बाकी वायरिंगसाठी केबिन रिकामी करावी लागते. चारही सीट बाहेर, कार्पेट बाहेर. वरून व्हॅक्यूम मारून, दारं उघडी ठेवून उन्हात गाडी सुकवली असं सांगतात त्यावर जाऊ नका. कार्पेटखाली फोमचा जाड थर असतो, त्यात पाणी महिनाभर राहतं आणि वायरिंग त्याच्याच खाली झोपलेलं असतं. प्रत्येक कपलर सोडवायचा, आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग कमी दाबाची हवा. पेट्रोलने धुवायचं नाही, वायरीचं आवरण आणि प्लॅस्टिक खराब होतं. पिनेवर हिरवा कळंक दिसला तर ती पीन बदलायची, घासून भागत नाही; तो कळंक वायरीच्या आत, आवरणाखाली सरकत जातो. तीन महिन्यांनी काच अर्ध्यावर अडकते, पावसात इंडिकेटर आपोआप लागतो, एक दिवस गाडी सिग्नलला बंद पडते आणि बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरवर रोज नवा कोड येतो. इंजिनाच्या बिघाडाला निदान एक पत्ता असतो. याला नसतो.

तुमचं पाणी पाच-सहा तासच होतं, मग ओसरलं. या आठवड्यात केबिन उघडलीत तर वायरिंग वाचायची शक्यता चांगली आहे. गाडी तशीच बंद करून महिनाभर ठेवलीत तर मी ती दुरुस्तीला घेणार नाही.

आता विमा, कारण तुमच्या बाबतीत निर्णय तिथेच व्हायचा आहे. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान येतं. नुसती थर्ड पार्टी असती तर काहीच मिळालं नसतं. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर पाण्याने थेट झालेलं नुकसान एक आणि पाणी असताना इंजिन फिरवल्यामुळे झालेलं नुकसान दुसरं, असा फरक कंपनी करते. दुसऱ्याचे पैसे सहसा नाकारतात. म्हणजे रॉड वाकलेला निघाला तर तो खर्च बहुधा तुमच्या अंगावर येणार. मेव्हण्यांनी सेल्फ मारला हे लपवायच्या भानगडीत पडू नका. खोटं पकडलं गेलं तर अख्खा क्लेम अडकतो, आणि वाकलेला रॉड आपली गोष्ट स्वतःच सांगतो.

आकडे मांडा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, धरतात. ३ लाख ९० हजारांचे ७५ टक्के म्हणजे २ लाख ९२ हजार ५००. शोरूमचं ३ लाख ४० हजार त्याच्या वर आहे. पण त्यातून सर्व्हेअरने इंजिन वगळलं की बेरीज घसरते आणि टोटल लॉस हातचा जातो. मग झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, लागतो: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ४० टक्के, प्लॅस्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के. म्हणजे इंजिन पूर्ण तुमचं आणि बाकीचंही निम्म्याच्या आसपास तुमचंच. टोटल लॉस झाला तर घसाऱ्याचा प्रश्न नाही, आयडीव्हीतून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये वजा होतात आणि भंगाराची किंमत कुणाकडे जाते तेवढं ठरतं. म्हणून सर्व्हेअर ७५ टक्के कुठल्या आकड्यावर मोजतोय आणि इंजिन का वगळतोय, हे मेलवर लेखी विचारा. तोंडी उत्तरं घेऊ नका.

क्लेम नोंदवला नसेल तर आजच नोंदवा आणि सर्व्हेअरने बघितल्याशिवाय काही खोलू नका. मात्र बॅटरी काढणं, गाडी क्रेनने हलवणं, प्लग काढून बोअरमध्ये ऑइल सोडणं ही नुकसान वाढू नये म्हणून केलेली कामं आहेत. त्यांची मेलने आगाऊ कल्पना द्या, प्लग काढताना आणि इंजिन हाताने फिरवताना सलग व्हिडिओ काढा. टॉमीने इंजिन मोकळं फिरतंय, उंचीचे चार आकडे सारखे आहेत, हे व्हिडिओत आलं तर ‘सेल्फ मारल्याने इंजिन गेलं’ हा मुद्दाच संपतो. उलट निघालं तरी आधी कळलेलं बरं.

माझा कौल विचाराल तर असा. इंजिन मोकळं निघालं, तर शोरूमकडून इंजिनाशिवायचं नवं एस्टिमेट मागा. इंजिन गेलेलं निघालं आणि सर्व्हेअर ते क्लेममधून वगळत नसेल, तर टोटल लॉस घ्या आणि या गाडीचा मोह सोडा. इंजिन गेलेलं निघालं आणि ते वगळलं गेलं, तर गल्लीतल्या नव्हे, इंजिन बांधणाऱ्या जाणत्या मिस्त्रींना गाठा, कारण मग प्रत्येक रुपया तुमचा आहे. आठ-दहा वर्षांच्या गाडीला स्वतःच्या खिशातून शोरूमचं नवं इंजिन टाकू नका, विकताना त्याचा एक रुपया वसूल होत नाही.

इतरांच्या गाड्यांबद्दलही दोन शब्द, सोसायटीत एकच गाडी बुडाली नसणार. कॉमनरेल (हाय प्रेशर पंपाचं हल्लीचं) डिझेल असेल तर टाकी आणि फिल्टर रिकामे केल्याशिवाय किल्ली ‘ऑन’सुद्धा करायची नाही; बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होतो आणि पाणी पुढे ढकललं जातं, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर पाण्यावर टिकत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर चारही चाकं उचलून न्या, ओढत नेऊ नका, आणि गिअरबॉक्स ऑइलमध्ये पाणी निघालं तर आतल्या क्लच प्लेटा गेल्या असंच धरा. सीएनजी असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत किटवाल्याकडून रेग्युलेटर, व्हॉल्व्ह आणि पट्ट्याखालचा गंज तपासून घेतल्याशिवाय गॅस भरू नका, हायड्रो टेस्टची (सिलिंडरच्या ठरावीक दाब-तपासणीची) तारीख बाकी असली तरी. इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरीला हात न लावता, गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर ठेवून थेट कंपनीला फोन.

प्लग काढल्यावर काय निघालं ते आणि पिस्टनच्या उंचीचे चार आकडे कळवा. फिल्टरच्या डब्याचा फोटोही पाठवा. हेड उतरवायचं की नाही ते त्यावरून सांगता येईल.